खारूताईचं पाणी

कुठलीही वस्तू हातात आली की ती आधी टेबलावर ठोकून बघायची. मग कामाला घ्यायची.

दार हाताने उघडायची नाही. पायाने ढकलायची.

बिस्किटाचा पुडा फोडण्याआधी त्यावर बुक्की मारायची आणि चुरा चमच्याने खायची. फळ घेताना अंगठा रुतवून बघायची. फळवाला ओरडला की तेच फळ विकत घ्यायची.

भाजी कितीही अळणी असो, वरून मीठ घ्यायची नाही. म्हणायची, "दिवसभर पुरतं."

बोलताना समोरच्याच्या दंडावर चापट मारायची. जितकी माया जास्त, तितकी चापट जोरात. माझा डावा दंड कायम दुखरा असायचा.

आणि बॅटरीचा सेल फोडण्याआधी त्याला म्हणायची, "चल बाबा, मनावर घेऊ नकोस."

आम्ही तिला खारूताई म्हणायचो. दिवसभर तिचे हात खारात असायचे म्हणून, आणि वरचे दोन दात जरा पुढे होते म्हणूनही. नाव पैलवानाने ठेवलं होतं. पैलवान म्हणजे आमचा प्रेस, म्हणजे सेल चेपायचं यंत्र, चालवणारा. इतका किडकिडीत की पट्ट्याला जादा भोकं पाडून घेतलेली.

गॅरेजांच्या रांगेमागे आमची शेड होती. तिथे बॅटऱ्या तयार होत. लिथियमच्या नव्हेत. मिठातलं सोडियम आणि साधं पाणी यांच्यावर चालणाऱ्या. साहित्यात पदवी घेतलेल्या मुलीला तिथे काय काम, असं माझ्या मामाने विचारलं होतं. खोक्यात जे माहितीपत्रक घालतात ते मी लिहायचे. तपासणीचे अहवाल सोप्या भाषेत आणायचे.

पहिल्या दिवशी तिने विचारलं, "काय शिकलीस?"

"साहित्य."

"कसलं साहित्य? प्लंबिंगचं?"

"नाही हो. कविता वगैरे."

"मग तू कविता. आणि 'हो' नको. अगं म्हण."

ती स्वतः रसायनशास्त्रात एम.एस्सी. होती. मिश्रण तीच करायची. त्या मिश्रणाचा सेल भरून तीच फोडायची. माझ्या पहिल्या अहवालात मी 'गैरवापर चाचणी' असं लिहिलं होतं. तिने ते खोडलं.

"गैरवापर म्हणजे ऑफिसच्या गाडीतून भाजी आणणं. इकडे ये."

तिने मला जाड काचेमागे उभं केलं. शिकंज्यात एक लिथियमचा सेल होता. तिने तरफ ओढली. खिळा सेलच्या पोटात गेला. आधी काहीच झालं नाही. मग सेल किंचाळला. खरंच किंचाळला. जाळाची जीभ काचेवर आदळली आणि काच काळी झाली.

"आता सांग, याला काय म्हणशील?"

"छळ."

"मग तेच लिही की."

तेव्हापासून तो शब्द कागदावर आला, आणि त्या खोलीला सगळे छळखोली म्हणू लागले.

मग तिने आमचा सेल लावला. खिळा गेला. सेलमधून चिकट पाणी ठिबकलं. बास. जाळ नाही, धूर नाही. तिने बोट बुडवून मला दाखवलं. "हे पेटत नाही. म्हणून मी इथे आहे."

पाण्याची बॅटरी करताना अडचण पाण्याचीच असते. विजेचा जोर वाढला की ती पाण्याचे तुकडे करते. एका बाजूला हायड्रोजन सुटतो, दुसऱ्या बाजूला प्राणवायू. सेल फुगतो. फुगून फुटतो. मी असे सेल पाहिलेत, पोट वर करून पडलेल्या बेडकासारखे. यावर उपाय एकच होता. पाण्यात इतकं मीठ घालायचं की पाणी मोकळं राहताच कामा नये. खारूताई ते असं सांगायची: "प्रत्येक थेंबाच्या मानगुटीवर मीठ बसवायचं. त्याला हलायला जागा ठेवायची नाही. मग वीज त्याचं काय वाकडं करणार?"

इतकं विरघळणारं मीठ सहज मिळत नाही. आमच्याकडे जे होतं ते सोडियम परक्लोरेट. कामाला उत्तम. जोर सोसणारं. पण त्याला एक खोड होती. ते स्वतः जळत नाही. मात्र पोटात प्राणवायू बाळगून असतं. पाण्यात आहे तोवर गरीब. कापडात मुरलं आणि वाळलं, की त्या कापडाला जळायला बाहेरची हवा लागत नाही.

हे शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं. भिंतीवर लावलेलं होतं. तरी त्या द्रावणाला सगळे 'पाणी' म्हणायचे. पाणी सांडलं, पूस. पाण्याचा डबा आण. पाणी संपलं. बॅटरी पाण्याची, तर तिच्यातलं पाणीच. आणि सांडलेलं पाणी माणूस फडक्याने पुसतो. पिळून फडकं कचऱ्याच्या डब्यात टाकतो.

एके दिवशी पैलवानाने त्या डब्यात वायरचा गरम तुकडा टाकला. सफाईवाल्या मावशी डबा उचलत होत्या. डबा फुटला. झाकण छताला लागून खाली आलं. मावशींच्या तळहाताची कातडी हातमोज्यासारखी निघाली. त्या ओरडल्या नाहीत. हाताकडे बघत राहिल्या.

त्या दिवसापासून खारूताई पिसाळली. फडक्यांसाठी नळाच्या पाण्याची बादली आली. फडकं बादलीत गेलं नाही तर ती ते फडकं माणसाच्या तोंडावर मारायची. द्रावणाच्या डब्यांवर पैलवानाने खडूने 'पाणी' लिहिलं होतं. ते तिने पुसलं आणि 'खार' लिहिलं. डबे बदलले. तोंडं बदलली नाहीत.

एकदा पैलवान म्हणाला, "ताई, पाण्याचा डबा संपत आलाय."

तिने मारली. दंडावर नाही, गालावर.

"कसला डबा?"

"खाराचा."

"पुन्हा बोल."

"खाराचा, ताई."

"मावशींचा हात आठव आणि मग तोंड उघडत जा."

पैलवान गाल चोळत म्हणाला, "आमची आईसुद्धा एवढ्या जोरात मारत नव्हती."

"तुझ्या आईला माझ्या आईकडे शिकवणीला पाठव."

सगळे हसले. पैलवानही हसला. पण चार बोटं उमटली होती.

तिच्या आईला मी भेटलेले होते. दोन खोल्यांचं घर. भिंतीला जागोजागी खड्डे. तिचे वडील गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करायचे आणि त्याच हातोड्याच्या दांड्याने घर सरळ करायचे. ते गेल्यावर मारायचं काम आईने चालू ठेवलं, फेकून. कपाटातली ताटं सगळी वाकडी होती. मी बसले होते तेवढ्यात मायलेकींची कशावरून तरी जुंपली आणि एक पातेलं माझ्या कानाजवळून गेलं.

आई म्हणाली, "घाबरू नकोस गं पोरी. पाहुण्यांवर नेम धरत नाही मी."

"आमच्याकडे आधी हात, मग विषय," खारूताई म्हणाली. पातेलं उचललं, जमिनीवर ठोकून पाहिलं आणि चहा ठेवला. "लहानपणी फुकट मार खाल्ला. आता मारते तर पगार मिळतो. प्रगती आहे की नाही?"

मावशी कामावर परत आल्या नाहीत. खारूताईने साहेबांना सांगून टाकलं, हे मीठ मला या इमारतीतून बाहेर काढायचंय. साहेब म्हणजे शेडचे मालक, सौम्य गृहस्थ. आवाज कधी चढत नसे. ते म्हणाले, "काढ. पण त्याच्या जागी काय?"

तिने सोडियम ॲसिटेट घेतलं. शिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या कुळातलं मीठ. निरुपद्रवी. खोलीभर आंबूस वास यायचा. तेही भरपूर विरघळत होतं. पाण्याला जखडून ठेवत होतं. सेल फुगत नव्हता. तिने मला बोलावून बरणी दाखवली. आत पाण्यासारखं स्वच्छ द्रावण.

"टिचकी मार."

मी मारली. बरणीत एक पांढरा काटा उगवला. बघता बघता पंख्यासारखा पसरला. डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळी बरणी दगड झाली.

"हात लाव."

बरणी गरम होती.

"बघ कसं आहे. कुणाचं वाईट करणार नाही. पण भित्रं. धक्का बसला की गोठतं. गाडी खड्ड्यात आपटली की बॅटरी संपली." तिने बरणी फिरवून पाहिली. "मी पण लहानपणी अशीच व्हायचे." मग माझ्या दंडावर चापट बसली. ती जोरात होती.

तिचे पुढचे सगळे दिवस त्याच कामात गेले. मार खाऊन न गोठणारं द्रावण. मीठ कमी केलं की पाणी मोकळं सुटायचं आणि सेल फुगायचा. वाढवलं की गोठायचं. ती फुगलेले सेल भिंतीवर फेकायची. गोठलेल्या बरण्या मोरीत आपटायची. एकदा काच उडून तिची भुवई फाटली. रक्त पुसत तिने पुढची बरणी भरली. तिच्याशी बोलायला कुणी जात नसे. पैलवान मला म्हणायचा, "तू जा. तुला दंडावर मारते. आम्हाला कुठे मारेल सांगता येत नाही."

मग तिने पोटॅशियमचं ॲसिटेट मिसळलं. मला विचारलं, "शाळेत रांग लावायचे ना, उंचीप्रमाणे?"

"हो."

"मध्येच धिप्पाड पोरं घुसवली तर?"

"रांग मोडते."

"तेच. सोडियमला रांग लावू द्यायची नाही. रांग नाही तर दगड नाही."

नवीन बरणीला तिने टिचकी मारली. काही झालं नाही. टेबलावर आपटली. काही झालं नाही. मग ती बरणी जमिनीवर इतक्या जोरात टेकवली की तळ तडकला. द्रावण फरशीवर वाहत गेलं, द्रवच राहून. ती फरशीवर बसली. मला वाटलं रडतेय. ती हसत होती आणि फरशीवर बुक्क्या मारत होती.

आता उरला सेल. सेलमध्ये भरून, चार्ज करून, प्रेसखाली चेपायचा. साहेब म्हणाले, "माझ्यासमोर नको. गाड्या बनवणारे लोक येणार आहेत, त्यांच्यासमोर चेप. त्यांनी मान डोलवली तर परक्लोरेटचे डबे मी स्वतः टेम्पोत घालून परत पाठवतो. नाही सोसलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"शब्द?"

"शब्द."

तिने साहेबांच्याही दंडावर चापट मारली. साहेबांचा चष्मा हलला.

इथे तिच्या ॲप्रनबद्दल सांगायला हवं. सुती, जाड, एके काळी पांढरा. रोज सेल फोडताना उडालेले खाराचे शिंतोडे त्यावर वाळत आले होते. फडकी बादलीत जायची. ॲप्रन खुंटीवर जायचा. तो पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता. पैलवान म्हणायचा, ताईने ॲप्रन काढला की तो कोपऱ्यात आपोआप उभा राहतो. ती म्हणायची, मुरलाय, लोणच्यासारखा. आम्ही हसायचो. फडक्यासाठी माणसांना मारणाऱ्या त्या बाईला, आणि आमच्यापैकी कुणालाही, तो ॲप्रन म्हणजे फडकंच आहे हे दिसलं नाही. ॲप्रन अंगावर असतो. फडकं हातात असतं.

पाहुणे सकाळी आले. चौघे होते. ते काचेमागे उभे राहिले. खारूताईने आपला नवा सेल आधीच मोठ्या प्रेसखाली लावून ठेवला होता. शेजारच्या शिकंज्यात लिथियमचा पॅक. आधी तो भडकलेला दाखवायचा, मग आपला गप्प राहिलेला. क्रम तिनेच ठरवला होता.

"चल बाबा, मनावर घेऊ नकोस," ती पॅकला म्हणाली. पाहुणे हसले.

खिळा गेला. जाळ उठला. काच काळी झाली. पाहुणे मागे सरकले. जाळ शमला. एकदा भडकून गप्प झालेला पॅक पुन्हा भडकतो, हे तिला आमच्या सगळ्यांहून जास्त ठाऊक होतं. एरवी ती वाट बघायची. त्या दिवशी तिचं लक्ष शेजारच्या प्रेसकडे होतं. तिने काचेचं दार पायाने ढकललं आणि आत गेली.

पॅकमधला दुसरा सेल उडाला. मूठभर ठिणग्या तिच्या छातीवर आल्या.

कापड पेटताना आधी काळं पडतं, मग धरतं. हे तसं नव्हतं. ॲप्रन एकदम गेला. फुस्स असा आवाज आला आणि ती पांढरी झाली. डोळ्यांनी बघवत नव्हतं इतकी पांढरी. एका पाहुण्याने भिंतीवरचं आगीचं ब्लँकेट ओढून तिच्यावर टाकलं. ब्लँकेटखाली ते तसंच जळत राहिलं. त्याला हवा नको होती.

ती ओरडली, "पाणी! पाणी!"

पैलवान दोन ढांगांत पोचला. त्याच्या उजव्या हाताला बादली होती. डाव्या हाताला डबा. त्याने डबा उचलला. वर्षानुवर्षं तो ज्याला पाणी म्हणत आला होता, तो डबा. त्याने तो तिच्यावर रिकामा केला.

क्षणभर जाळ दबला. पैलवानाचा चेहरा उजळलेला मी पाहिला. मग ओल आटली आणि कमरेपासून खाली, सलवारीतून, ते पुन्हा उठलं. दुप्पट.

बादली मी ओतली. भिजलेल्या फडक्यांसकट. मग साहेबांनी बागेची नळी आणली. नळीच्या पाण्याने ते विझलं. पैलवान रिकामा डबा धरून उभा होता. डब्यावर तिच्या अक्षरात 'खार' लिहिलेलं होतं. त्याने ते वाचलं. मग तो डबा स्वतःच्या कपाळावर मारू लागला. दोघांनी धरलं तरी मारत राहिला. रक्त डोळ्यात उतरलं तेव्हा थांबला.

दवाखान्यात ती काही दिवस होती. चेहरा बराचसा वाचला होता. बाकी अंगावर पट्ट्या. आई पलंगाच्या लोखंडी कठड्याला धरून बसलेली असायची. एकदा नर्स म्हणाली, "आजी, इतकं घट्ट धरू नका, हात दुखेल." आईने तिच्याकडे असं पाहिलं की ती सलाईन बघायला वळली.

मी आत गेले. खारूताईने डोळे उघडले.

"चेपला का?"

"काय?"

"माझा सेल गं."

"नाही. खोली बंद केलीय. चौकशी आहे."

"मग इथे काय करतेयस, कविता?"

तिला दम लागला. थोड्या वेळाने म्हणाली, "पैलवान?"

"बाहेर बसलाय. आत यायला धजत नाही."

"त्याला सांग, पाणीच होतं."

"ताई..."

"सांग म्हटलं ना. पाणीच होतं म्हणावं. मी चाखलंय." तिचा हात पट्टीतून हलला. माझ्या दंडापर्यंत पोचला नाही. मी दंड जवळ नेला. तिने टेकवला. लागलं नाही.

बाहेर येऊन मी पैलवानाला ते सांगितलं. त्याने कपाळावरच्या टाक्यांना हात लावला. "खोटं बोलायला तिला कधी जमलं नाही," तो म्हणाला, आणि बाकावर आडवा झाला.

ती दुसऱ्या दिवशी गेली. आईने आरडाओरडा केला नाही. पाण्याचा जग उचलला आणि भिंतीवर फेकला. मग दुसरं काहीतरी फेकायला शोधत राहिली. त्या खोलीत फेकण्यासारखं आणखी काही नव्हतं.

छळखोली उघडली तेव्हा मी आणि पैलवान आत गेलो. छत काळं. फरशी धुतलेली. मोठ्या प्रेसखाली तिचा सेल तसाच लावलेला होता. ज्वाळा तिथवर पोचल्या नव्हत्या. पैलवानाने मीटर लावला. काटा पूर्ण चढला. सेल जिवंत होता. फुगलेला नव्हता.

"प्रेस खाली घे," मी म्हटलं.

त्याने तरफेवर हात ठेवला. मग काढला.

"तू घे."

"मला येत नाही."

"मलाही येत नाही आता."

साहेबांना मी विचारलं. ते म्हणाले, पाहुणे पुन्हा येतील तेव्हा बघू. मी विचारलं, डबे परत कधी जाणार? ते सौम्यपणे म्हणाले, "चाचणी कुठे झालीय?"

डबे मागच्या भिंतीला रांगेत आहेत. नवीन मुलगी मिश्रण करायला आलीय. काल तिने पैलवानाला सांगितलं, पाणी संपत आलंय, मागवा. पैलवान शेडबाहेर जाऊन बसला.

अहवालाचं पान मी अर्धं लिहून ठेवलं आहे. छळचाचणी, चेपण्याची. द्रावण: सोडियम आणि पोटॅशियम ॲसिटेट. सेल: पूर्ण चार्ज. प्रेसचा जबडा सेलच्या वर बोटभर अंतरावर थांबलेला आहे. दाब अजून दिलेला नाही.